हिरवंच आलं, अभय

अभय, काल तुझी शेवटची वाटी उघडली. हिरवंच आलं.

तुला हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून मीच सांगतोय. तू गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. दवाखान्यात जायच्या आधी तुमच्या बियाण्याच्या गोदामातल्या थंड खोलीत, कपाशीच्या पोत्यांमागे, तू जी काचेची वाटी झाकून ठेवली होतीस, ती तुझ्या थोरल्या भावानं, भैयांनी, आणि मी मिळून बाहेर काढली. वरचं कापड भैयांनीच काढलं. तांब्याचं द्रावण जवळपास आटलं होतं आणि तळाशी स्फटिकांचे खडे बसले होते. छान मोठे, कडा धारदार. पण हिरवे.

भैया वाकून बघत होते. म्हणाले, "हिरवं हाय रामेश्वरजी. म्हणजे चांगलंच न?" बियाण्याच्या धंद्यात हयात गेलेल्या माणसाला हिरव्याचा दुसरा अर्थ कुठून माहीत असणार. मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मला विचारू नकोस.

"नवीन बी यायला लागलंय, जागा लागती," ते म्हणाले, "पण ती वाटी म्या कोणाला हलवू दिली न्हाई." ज्या भैयांनी इतकी वर्षं 'तुझं ते जहर माझ्या बियाण्यापासून हटव' म्हणून तुझ्याशी वाद घातला, ते हेच भैया. वाटीभोवती त्यांनी रिकामी पोती लावून कुंपण केलं होतं. तू ते बघायला हवं होतंस.

उठावण्याच्या दिवशी, तुझ्या शोकसभेला, तुमच्या घरासमोरच्या मांडवात आपल्याच कॉलेजातला एक जण माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "हुशार माणूस होता, पण एका रंगापायी जिंदगी घालवली." मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं वळून बघायला लागली, एवढं सांगतो. तू असतास तर मला बाजूला घेऊन झापलं असतंस. "कास्तकार, तोंडाला जरा लगाम दे." पण त्या माणसाचं म्हणणं खोटं होतं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. काल वाटी उघडल्यावर तर प्रश्न विचारायचीही सोय राहिली नाही.

तू मला कास्तकार म्हणायचास आणि मी तुला शेट. मी धावड्याचा, भोकरदनच्या पुढचा, शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा एम.एस्सी. होणारा, तू बियाण्याच्या पेढीतला धाकटा. 'जालना सोने का पालना' म्हणतात, आणि तुझ्यासाठी तर घरच्यांनी तो पाळणा बांधूनच ठेवला होता. तू त्यातून उतरलास आणि तांब्याच्या मागे लागलास. विद्यापीठात आपली टेबलं शेजारी होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला तू एक साधं द्रावण तीनदा गाळलंस. मी म्हणालो, "शेट, चहा करून राह्यला का?" तू मान वर न करता म्हणालास, "आमच्या घरी पाणीबी गाळल्याबिगर पीत न्हाईत. हे तर तांबं हाय." सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून तू डबा घेऊन प्रयोगशाळेबाहेरच्या पायरीवर बसायचास आणि उरलेलं खाकरा-लोणचं माझ्या हातावर ठेवायचास. एकट्यानं खायची तुला लाजच वाटायची. ही तुझी खोड लक्षात ठेव, पुढे तिनंच घात केला.

नंतर दोघांनाही जालन्यातच नोकरी लागली, एकाच कॉलेजात. लोक मुंबईला गेले, परदेशी गेले. तू म्हणालास, "इथंच करू." मी विचारलं, काय करू? इथं ना धड फ्रीज, ना धड वीज. उन्हाळ्यात मिथेनॉलची बाटली उघडली की अर्धी हवेत. खडे वाढवायला द्रावण हळूहळू आटावं लागतं, आणि जालन्याच्या उन्हाळ्यात हळूहळू काहीच होत नाही. तेव्हा तुला गोदामातली थंड खोली आठवली. जनरेटर असलेली, दिवसरात्र एकाच तापमानाची. मूळ वाणांचं बी ठेवायची खोली. तिथं कपाशी आणि मिरचीच्या पोत्यांमध्ये आपल्या वाट्या बसल्या. असं कुठल्या विद्यापीठात बघायला मिळालं असतं?

आपण नेमकं काय करत होतो, हे तुझ्या बायकोला, भाभींना, तू एकदा स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतंस. त्याहून सोपं मला अजून सांगता आलेलं नाही. तू मिठाईचं रिकामं खोकं घेतलंस. आठ कोपरे. एक सोडून एका कोपऱ्यावर तांब्याचा अणू, मधल्या कोपऱ्यांवर ऑक्सिजन. "हर तांब्यापाशी एक इलेक्ट्रॉन एकटा हाय. त्याला जोडी न्हाई. तो छोटं चुंबकच समज. हे चौघं एकमेकांना शिवत न्हाईत, मधला ऑक्सिजन निरोप पोचवतो."

"काय निरोप?" भाभींनी पोळी उलटता उलटता विचारलं.

"म्या वर तोंड करून उभा हाय, तू कसा राहणार?"

पुस्तकात याला चुंबकीय विनिमय म्हणतात. तांबं, ऑक्सिजन, तांबं, या वाटेला किती वळण आहे, म्हणजे तिथला कोन केवढा, त्यावर उत्तर ठरतं. साडेसत्त्याण्णव अंशांच्या खाली असला तर दोघं एकाच दिशेला तोंड करतात, वर गेला तर एक वर, एक खाली. दोन तांब्यांच्या जोडीत हा नियम चांगला चालतो. चार आले की मात्र कोण कुणाचं ऐकेल सांगता येत नाही. भाभी म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच घरासारखं." तू इतका हसलास की खोकं हातातून पडलं.

निळं आलं तो दिवस आठवतो? माझा तास चालू होता. तू न विचारता दार उघडलंस आणि भर वर्गात म्हणालास, "कास्तकार, बाहेर ये." मुलांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. बाहेर व्हरांड्यात तू खिशातून कुपी काढलीस. कपड्यांना घालायच्या निळीसारखे खडे. आपल्या दोघांनाही हिरवट काहीतरी येईल असं वाटलं होतं, आणि हे असलं निळं. तू ते उन्हात धरलंस, मग घाबरून परत सावलीत घेतलंस. तुझ्या चेहऱ्यावर मी पुन्हा तसं कधी पाहिलं नाही, लग्नातही नाही, पोरगी झाली तेव्हाही नाही.

त्यातला एक खडा मोठ्या शहरातल्या एका संस्थेत गेला आणि त्याची आतली रचना कळून आली. चार तांबं, चार ऑक्सिजन, खोकं, सगळं बरोबर, आणि कोन बहुतेक अरुंद. तू म्हणालास, चौघंही एकाच दिशेला तोंड करणार. मी म्हणालो, शक्य नाही. खोकं एका अंगानं ताणलेलं आहे, तिथले कोन बघ, शेवटी दोन वर आणि दोन खाली, बाकी शून्य. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. चहाच्या टपरीवर, पेपर तपासताना, माझ्या सासुरवाडीला अंकुशनगरला लग्नाला गेलो तेव्हा उसाच्या गाड्यांमागे अडकलेल्या जीपमध्ये, जिथं मिळेल तिथं आपण भांडलो. जीपचा ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "जमिनीची भानगड हाय का? कोर्टातून सोडवून घ्या जल्दी."

आपलं कोर्ट म्हणजे त्या संस्थेतलं चुंबकत्व मोजायचं यंत्र. हेलियमनं गोठवून, चुंबकाच्या पोटात पूड घालून मोजायचं. एक खडा तिथं पुरत नाही, चिमूटभर पूड लागते. तू सगळ्या वाट्यांमधले निळे खडे गोळा केलेस, कुपीत भरलेस, वरून मेण लावलंस आणि पार्सल केलंस. मे महिना होता. ते पार्सल कुठल्या कुठल्या पत्र्याच्या गोदामांत भाजत गेलं देव जाणे. तिकडे कुपी उघडली तेव्हा पूड हिरवी झालेली होती. घटक तेच, अणू तेवढेच, फक्त खोक्याचा आकार बदललेला. त्यांनी बिचाऱ्यांनी मोजलं. दोन वर, दोन खाली, बाकी शून्य.

लोक मला म्हणाले, तू जिंकलास. मी जिंकलो नव्हतो. ती हिरव्याची मोजणी होती, भांडण निळ्याचं होतं. हे तुलाही पटत होतं आणि मलाही. आपल्या दोघांशिवाय कुणालाच पटत नव्हतं. तू म्हणालास, "काय बिघडलं, अजून निळं करू." संस्थेनं ती कुपी सौजन्यानं परत पाठवली. तू प्रयोगशाळेत ती उघडलीस, हातावर थोडी पूड घेऊन खिडकीपाशी गेलास आणि म्हणालास, "रंग तर बघ. हेबी वाईट न्हाई." मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघत होतो. त्या क्षणी आपण काय करून बसलो होतो, हे कळायला पुढे फार काळ जावा लागला.

त्यानंतर निळं आलं नाही. तेच तांबं, तेच मिथेनॉल, तीच थंड खोली, आणि प्रत्येक वाटीत हिरवं. तू मात्रा बदलल्यास, पाणी बदललंस, बाटल्यांची कंपनी बदललीस. आपला लेख जिथं पाठवला होता तिथून उत्तर आलं, पुन्हा करून दाखवा. एका परिषदेत कोणीतरी हसत हसत विचारलं, "सर, निळं खरंच होतं ना?" सभागृह हसलं. तूही हसलास. परतीच्या बसमध्ये मात्र जालना येईपर्यंत तू खिडकीकडे तोंड करून बसलास, आणि मी पहिल्यांदा कोनाबद्दल चकार शब्द काढला नाही.

संवत्सरीला, तुमच्या क्षमा मागायच्या दिवशी, तू दरवर्षी सकाळी फोन करायचास. हात जोडल्यासारख्या आवाजात म्हणायचास, "मिच्छामि दुक्कडम्. सालभरात मन दुखावलं असेल तर माफी." मी विचारायचो, "त्या कोनाबद्दलबी?"

"ते सोडून."

दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा चालू. यंदाची संवत्सरी अजून यायचीय. त्या सकाळी मी फोन कुठं ठेवू, तेवढं सांग.

आता तुझ्या त्या खोडीबद्दल. आपल्याला निळं जमेना, तेव्हा तू ठरवलं की दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. ओळखीपाळखीच्या तीन-चार प्रयोगशाळा होत्या, लांबलांबच्या. त्या लोकांनी आनंदानं हो म्हटलं. पण तुमच्या घरातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही आणि कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. त्यांना कशाला त्रास, म्हणून तू सगळं तयार सामान पाठवलंस. तांब्याला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू इथंच बनवलास आणि बाटल्यांत भरलास. सोबत ओळखायला म्हणून हिरव्याचा नमुना. वर मोसंबीची पेटी, भाभींच्या हातचा चिवडा. दोन ठिकाणी तू स्वतः गेलास, त्यांच्या टेबलाशी दिवस दिवस बसलास, त्यांच्या वाट्या आपल्या हातानं लावून दिल्यास. सगळीकडून एकच उत्तर आलं. मोसंबी गोड होती, चिवडा छान होता, खडे हिरवे आले.

मग औषधांच्या कारखान्यांत असं कधीतरी होतं, हे माझ्या वाचनात आलं. एकाच पदार्थाचे दोन आकार असतात. पहिला कच्चा, दुसरा पक्का. पक्का एकदा का त्या जागेत जन्मला की त्याचा डोळ्यांना न दिसणारा कण हवेत, कपड्यांत, नखांत राहतो, आणि द्रावणात पडला की सगळं आपल्या आकाराचं करून टाकतो. पहिला आकार त्या जागेत पुन्हा येत नाही. मी हे तुला गोदामात सांगितलं. मला वाटलं, तू वाद घालशील. तू तर माझ्या आधीच शेवटाला पोचला होतास. तुमच्या धंद्यात हे लहान पोरालाही माहीत. आमच्या धावड्यात मिरचीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला की चारी बाजूंनी अंतर सोडावं लागतं. शेजारच्या शेतातले परागकण वाऱ्यानं आले की वाण बिघडला, आणि एकदा बिघडलेला वाण कोणी दुरुस्त करू शकत नाही.

तू पोत्यावर बसलास. म्हणालास, "म्हणजे म्याच वाटत फिरलो रे. गावोगाव जाऊन."

मी म्हणालो, "तुला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तरी रिकाम्या हातानं गेलो असतो का? बिलकुल न्हाई." हे म्हणताना तुझे डोळे भरले होते आणि तू हसतही होतास. त्या दिवशी मला तुझी इतकी कीव आली की राग यायला लागला. जगात इतकी हलकट माणसं आहेत, त्यांचं काही बिघडत नाही, आणि तुझं बिघडलं ते डबा भरून दिल्यानं.

तरी तू सोडलं नाहीस. नवी काच आणलीस, नवी बाटली, अंबड रस्त्याला कोणाची तरी रिकामी खोली. हिरवं. आणि शेवटी ही वाटी. पहाटे अंघोळ करून तू मंदिरात जायचे पूजेचे कपडे घातलेस, तोंडावर पूजेसारखीच आठ पदरी घडी बांधलीस, आणि कोणाला न शिवता थंड खोलीत जाऊन वाटी लावलीस. भाभी चिडल्या होत्या. "भगवानाच्या कपड्यात केमिकलचं काम?" तू म्हणालास, "यांच्याइतके साफ कपडे आपल्या घरात दुसरे हायेत का?" मीही तेव्हा कधी नव्हे ते देवाला काहीतरी बोललो, ते तुला सांगितलं नव्हतं. माझी इच्छा एवढीच होती की निळं यावं, मोजणी व्हावी आणि मी चूक ठरावं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडताना मला हरायचंच होतं. हे तुला कळलं होतं का, की तू मला खरंच विरोधक समजत गेलास?

दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलायची मनाई. मी आत आलो, स्टुलावर बसलो. तू चादरीतून हात बाहेर काढलास आणि चार बोटं उभी केलीस. चारही एका दिशेला, वर. अंगठा मुडपलेला. मी तुझ्या हातातली दोन बोटं धरून खाली वाकवली. दोन वर, दोन खाली. मास्क आतून धुरकटला, तू हसत होतास. मग मोठ्या कष्टानं ती दोन बोटं पुन्हा सरळ केलीस. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका.

माझं कोणी ऐकलं तर म्हणेल, मरणाच्या दारातल्या माणसाशी कसला वाद घालतोस, म्हणायचं होतं एकदा 'बराबर हाय'. पण मी तसं म्हटलं असतं तर तू घाबरला असतास. आपलं काही खरं नाही, हे तुला माझ्या तोंडून कळलं असतं. म्हणून मी बोटं वाकवली, आणि मला त्याचा पस्तावा नाही. आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, याबद्दल तुझे उपकारच मानतो. बाकी सगळ्यांना तू आजारी दिसलास, मला शेवटपर्यंत हट्टी दिसलास.

तर काल हिरवं आलं. जालन्यात आता निळं कधीच येणार नाही. जिथं जिथं तू गेलास तिथंही नाही. माझ्या हातून तर नाहीच, तुझ्या खांद्यावरून वाकून बघणारा मीच होतो.

एक राहिलं. तुझ्या जाण्याची बातमी वाचून लांब डोंगराळ भागातल्या एका नव्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. तरुण आहेत. तुझी त्या एका खड्याची रचना त्यांनी कुठंतरी पाहिली होती. म्हणाल्या, "सरांना कधी भेटले नाही. पण मी एकदा करून बघू का?" मी कृती फोनवर सांगितली, त्यांनी उतरवून घेतली. "तुम्ही याल का दाखवायला?" असंही विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांना माझा आवाज तुटक वाटला असणार. मला आशा आहे असं समजू नकोस. एवढ्या तेवढ्या कामात त्यांचं लक्ष किती दिवस राहील? वर्षभरानं त्या विसरतील. पण जगात निळं यायची एखादी जागा उरली असेल तर ती तशीच, जिथं तुझा नि माझा पाय लागलेला नाही.

आज सकाळी हे सांगायला तुझ्या घरी गेलो. त्या बाईंनी माझा नंबर तुझ्या मुलीकडूनच घेतला होता, म्हणून भाभींना आधीच कळलं होतं. दिवाणखान्यात एक खोकं बांधायला घेतलेलं होतं. तुझा अकीक दगडाचा खल, खडे उचलायची बारीक सुई, उरलेली काच, पांढरा कोट धुऊन घडी घातलेला, आणि वर चिवड्याचा डबा.

"रामेश्वरभाऊ, त्या पोरीला पाठवायचंय," भाभी म्हणाल्या. "यांचं काम पुढं करून राह्यली. रिकाम्या हातानं कसं करील बिचारी?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, जसं तू मिठाईच्या खोक्यावर सांगितलं होतंस तसं, जमेल तेवढं सोपं.

"खल धुतला तर?"

"न्हाई, भाभी. धुऊन जात न्हाई ते."

"कोट? कोट तर म्या तीनदा धुतला."

"कोटबी न्हाई."

"चिवडा तर म्या काल केलाय. त्याला त्यांनी हात लावला न्हाई."

"या घरातून काहीच जायला न्हाई पाहिजे, भाभी."

त्या कोटावर हात ठेवून बसल्या. आतून मुलगी बाहेर आली आणि दारातच थांबली.

"आन समजा तिला निळं आलं," भाभी म्हणाल्या. "यांचं काहीच तिथं न्हाई. हात न्हाई, भांडं न्हाई, कपडा न्हाई. तिनं यांना बघितलंबी न्हाई. मंग ते यांचं कसं होईल?"

अभय, मग त्यांनीच सुतळी सोडली आणि खोक्यातलं एकेक काढून परत तुझ्या कपाटात ठेवायला लागल्या.